झाकणावरचं हसू

रवि. १२ जानेवारी १९७५, सांगली

त्या दिवशी सकाळी मी काय केलं ते आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मला माझ्याशीच खोटं बोलता येणार नाही.

भाद्रपदातली गोष्ट. गणपती बोळवून चार दिवस झाले होते. पहाटे अंघोळ, पूजा, पोथीचा एक अध्याय. मग फळ्यापुढे बसलो. माधवनगरच्या दिनकररावांचा माणूस दहाला यायचा होता, खेळाच्या झाकणाचं चित्र न्यायला. दिनकररावांचा कारखाना पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. गिरण्यांना कापडाची खोकी देतात. त्यातच त्यांनी घरी बसून खेळायचा एक खेळ काढला, 'शिवार'. फासा टाकायचा, नक्षत्रं धरून पेरायचं, भांगलून तण काढायचं, कापायचं, बाजाराला न्यायचं. वर्षाची शेती तासाभरात. झाकणावर हसरा शेतकरी आणि बैल हवा होता. बैल झाला होता. अक्षरं झाली होती. शेतकऱ्याचं तोंड होत नव्हतं. चार वेळा काढलं, चार वेळा पांढरा फिरवला. हसत नव्हता, नुसता दात दाखवत होता.

शेजारी संपतचा फोटो टेकवलेला. फलटणकडच्या एका गावचा पोरगा, फौजेत होता, लढाईत गेला. आईबापांनी भिंतीवर लावायला मोठी तसबीर करायला दिला होता. घरात तेवढा एकच फोटो. फौजेत जायच्या आधीचा, जत्रेतल्या फोटोवाल्यानं काढलेला, मागे मोटार रंगवलेला पडदा. पोरगा खदखदून हसतोय. वरचा एक दात शेजारच्यावर चढलेला.

तसबीर अर्धी झाली होती. त्याचे वडील, तात्या, यांनी बजावलं होतं, "वट मिटून घ्या. हार घालायचा हाय त्याला. आन् अंगावर वर्दी पायजे." बरोबरच होतं ते. दात दिसणाऱ्या तसबिरीला आमच्याकडे हार घालत नाहीत. का ते मला कोणी सांगितलेलं नाही आणि मीही विचारलेलं नाही. वीस वर्षांत किती गेलेल्या माणसांचे ओठ मी मिटले, मोजले नाहीत. संपतचेही मिटले.

हसू उरलं होतं. ते उचललं आणि झाकणावर ठेवलं. पाव तासात झालं. हात इतका सैल कधी चालला नव्हता. चढलेला दात काढताना मनात आलं, हा तरी बदलावा. आलं होतं मनात, हे लिहितो. पण दातावरच सगळं हसू उभं होतं. ठेवला.

दहाला माणूस चित्र घेऊन गेला. मी देवाला नमस्कार केला, काम पार पडलं म्हणून.

आज हे लिहायचं कारण, हौसाबाई येऊन गेली. संपतची आई. माधवनगरला तिची लेक दिली आहे, तिच्याकडे आली होती. उंबऱ्याच्या आत येईना.

"भाऊ, तसबीर लय ब्येस झालीया. गावात समदी म्हणत्यात. पर... त्यो सायेब वाटतोय वं. आमचा संपा न्हाई वाटत. वटात कायतरी चुकलं असंल का?"

मी म्हणालो, "तेलाचे रंग आहेत, हौसाबाई. थंडीत बसायला वेळ लागतो. रंग बसला की चेहरा उमटेल."

असं काही नसतं. रंग वाळतो, बसत नाही. ती "व्हय का?" म्हणाली आणि समाधानानं गेली.

मंगळ. १४ जाने., संक्रांत

हिनं तिळगूळ केला. माणसं आली गेली. समोरच्या बाईंच्या हातात वाण लुटायला 'शिवार'ची रिकामी खोकी, वर बांगड्या ठेवलेल्या. खोकी मजबूत असतात म्हणाल्या.

मी आत जाऊन बसलो.

शनि. १८ जाने.

माधवनगरला गेलो. दिनकरराव खुशीत. दिवाळीत खेळ सगळा उठला. आता उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी दुसरी छपाई, चौपट. मला म्हणाले, "आण्णा, बैल काढून टाका."

"बैल कशाला काढायचा? शेतीचा खेळ आहे."

"बैलाला कोण बघतंय? नुसतं पोरगं ठेवा. झाकणभर तोंड. आन् दुकानात टांगायला त्याचीच मोठी पाटी करा. दोन हात उंच."

मला घेऊन गणपती पेठेतल्या खेळण्यांच्या दुकानात गेले. तिथले मालक लहानखुरे, तिखट बोलणारे. गेल्या उन्हाळ्यात मीच केलेलं पहिलं, नमुन्याचं झाकण त्यांनी माळ्यावरून काढून दाखवलं. त्यात मी सगळं घातलं होतं: विहीर, मोट, मळणी, बाजार, देऊळ, वर ढग. महिनाभर खपलो होतो त्याच्यावर.

मालक म्हणाले, "ह्यात काय हाय ते घरी नेल्यावर कळतंय. पण घरी न्यायला पाहिजे ना कुणी! आण्णा, गिऱ्हाईक दुकानात येत न्हाई, रस्त्यावरनं बघतंय. पाच पावलांवरनं एकच गोष्ट दिसती. हे बघा." आणि हसऱ्या झाकणाचं खोकं फळीवर ठेवलं. रस्त्याच्या पलीकडे मला उभं केलं.

खरं आहे ते. अंधाऱ्या दुकानात हिरवा, तांबडा सगळा काळा पडतो. पिवळ्यावर तो चेहरा तेवढा पुढे येतो. खोकी एकावर एक रचली की झाकण दिसतच नाही, म्हणून कडेलाही नाव पाहिजे, तेही मी केलं होतं. कारागीर म्हणून बघितलं तर त्या झाकणात एक रेघ काढायची नाही की घालायची नाही.

रस्त्यापलीकडून संपत माझ्याकडे बघून हसत होता. फोटोत तो जत्रेतल्या फोटोवाल्याकडे बघत होता. डोळे मी फिरवले, गिऱ्हाइकाकडे यावेत म्हणून.

दिनकरराव विचारत होते, "कुठं गावलं हे पोरगं तुमाला?"

मी म्हणालो, "सुचलं."

एक खोटं आईला. एक ह्यांना.

गुरु. २३ जाने.

गुरुवार असून मन लागलं नाही. दत्ताच्या मूर्तीपुढे डोळे मिटले की ओठ दिसतात. मिटलेले. मग उघडे. मग मिटलेले.

गेली वीस वर्षं मी मानत आलो की आपण दुसऱ्याच्या दुःखाचं काम करतो, म्हणून हात स्वच्छ पाहिजे, अंघोळीशिवाय गेलेल्या माणसाच्या तसबिरीला हात लावायचा नाही. तो नेम मी त्या दिवशीही पाळला होता.

अंघोळ करून चोरी केली.

रवि. २ फेब्रु.

ठरवलं, दुसऱ्या छपाईला दुसरा चेहरा द्यायचा. जिवंत माणसाचा, विचारून. म्हणजे निदान पुढची खोकी तरी...

हळदीच्या पेठेत गेलो. हमाल पोती उतरवत होते, पापण्यांपर्यंत पिवळे. त्यात एकजण, ज्ञानू नावाचा, काही बोलून दुसऱ्यांना हसवत होता आणि सगळ्यांत मोठ्यानं आपणच हसत होता. त्याला बाजूला घेऊन सांगितलं, तुमचं चित्र खेळाच्या खोक्यावर काढायचं आहे, चालेल का?

"माझं थोबाड? खोक्यावर? आवं, बायकोनं बघिटलं तर ती मला खोक्यात घालंल!"

पोत्यांवरून सगळे ओरडले, "काढा काढा! खोक्यावर लिवा, आत इंचू हाय!"

तयार झाला बिचारा. पण मी वही उघडली आणि त्याचं हसू गेलं. छाती काढून, ओठ आवळून उभा राहिला, फौजदारापुढे उभा राहावा तसा. "हसा की," म्हटलं तर म्हणाला, "हसतोय की." तासभर बसलो. शेवटी आठवणीतून हसू घालून पुरं केलं.

विचारलं की हसू जातं. न विचारता घेतलं की... पुढे काय लिहावं कळत नाही.

गुरु. ६ फेब्रु.

ज्ञानूचं चित्र दि.रावांना दाखवलं. फळीवर ठेवलं, मागे सरकले, एक डोळा मिटून बघितलं. त्यांना मीच शिकवलंय तसं बघायला.

"चांगलं हाय. पण आण्णा, ह्यो तुमी सांगितलं म्हणून हसतोय. त्यो आपल्याला बघून हसतोय."

"हाच घ्या," मी म्हणालो. "माझी विनंती समजा."

"विनंती कसली? चाललेला चेहरा कोण बदलतंय? तुमाला झालंय काय?"

काही नाही म्हणालो. मार्चच्या दहा तारखेला चित्र छपाईचा ब्लॉक करायला कोल्हापूरला जायचं आहे. तोपर्यंत मोठा चेहरा करून द्यायचा.

रवि. ९ फेब्रु.

हौसाबाई परत आली. ह्या वेळी आत आली, खाली बसली. लेक बाळंतीण झाली आहे माधवनगरला, मुलगी झाली, त्याचे पेढे आणले होते मला. मला.

मग म्हणाली, "भाऊ, रंग काय अजून बसला न्हाई वं."

मी पेढा उचलला.

"म्या रोज बघती. सकाळचं शेणकूर झालं की तितं जाऊन हुबी ऱ्हाती. उजेड दाराकडनं येतोय तवा बरं दिसतंय. परवा वाटलं बसायला लागलाय. ह्या अंगाला," तिनं स्वतःच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्याला बोट लावलं, "हितं जरा हलल्यागत वाटलं. ह्यास्नी बोलावलं. ह्ये म्हणालं, तुजं डोळं फिरल्यात. व्हय भाऊ, आजून किती दिस लागत्याल?"

मी म्हणालो, "उन्हाळा लागला की..."

वाक्य पुरं केलं नाही. पण तिनं ते पुरं धरलं.

"लागू द्या, लागू द्या. येवडी वरसं काढली, म्हैना काय."

पेढा माझ्या हातात तसाच. ती गेल्यावर देवापुढे ठेवला. खाववला नाही.

सोम. १० फेब्रु.

हिला सगळं सांगितलं. स्वयंपाकघराच्या दारात बसून. ती भाकरी थापत होती, थांबली नाही. शेवटची भाकरी तव्यावरून उतरल्यावर म्हणाली,

"तो चेहरा मनातला नव्हे, हे मला तेव्हाच कळलं होतं. मनातल्या माणसाला असा वेडावाकडा दात नसतो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाही." मग तवा उतरवत, "देवाला सांगितलंत?"

"रोज सांगतो."

"देवानं काय तुम्हाला फोटो दिला नव्हता. जिनं दिला तिला सांगा."

गुरु. २० फेब्रु.

विश्रामबागेत एका दुकानाची पाटी लावायला गेलो होतो. कॉलेजची पाचसहा मुलं बाकावर बसून भडंग खात होती. भडंग 'शिवार'च्या झाकणात ओतलेलं. बहुतेक खेळ कुणाच्या तरी खोलीत, झाकण इथं. तेल उतरून गाल पारदर्शक झालेला, कांद्याची फोड कपाळावर. एकजण बोटानं कोपऱ्यातले शेंगदाणे गोळा करत होता.

त्यांची काही चूक नाही. झाकण ते झाकणच.

पाटी उलटी टांगली मी. दुकानदार म्हणाला, "आण्णा, गिऱ्हाइकानं डोक्यावर हुबं राहून वाचायचं का?" सगळे हसले. मीही हसलो.

घरी येताना चालत आलो. हे मोजलं पाहिजे, म्हटलं. हौसाबाई घरी मिटलेल्या तोंडापुढे उभी राहते आणि ओठ हलायची वाट बघते. हललेले ओठ इथं आहेत, भडंगाखाली. मी आईला साहेब दिला आणि तिचा पोरगा बाजारात मांडला. तिला काय कमी पडतंय ते ह्या जगात मला एकट्याला माहीत आहे, आणि मी तिला उन्हाळ्याची वाट बघायला लावलंय.

गुरु. २७ फेब्रु.

गेल्या शुक्रवारपासून दुसरं काही हातात घेतलं नाही. संपतची दुसरी तसबीर पुरी केली. त्याच मापाची. वर्दी नाही, फोटोतला चट्ट्यापट्ट्यांचा शर्ट. ओठ उघडे, दात आहे तसा. डोळे परत जत्रेतल्या फोटोवाल्याकडे फिरवले, कुणा गिऱ्हाइकाकडे नाही. मूळ फोटो मी परत दिला आहे, पण चौकटी आखून त्यावरून उतरवून घेतलेला कागद माझ्याकडे होता. ते एक बरं झालं. का वाईट, त्याच्यावरूनच सगळं झालं.

ही तसबीर हात सैल सोडून झाली नाही. सात दिवस लागले. मधेच वाटलं, हे करून तरी मी काय करतोय? चोरलेल्या मालातलं थोडं परत करतोय?

शिवाय तात्या आहेत. त्यांना वाईट वाटेल. गेलेल्या पोराचे दात उघडे ठेवून त्याला कोण हार घालणार? बापानं जे सांगितलं तेच मी केलं होतं. आईनं तेव्हा काही सांगितलं नव्हतं. ती कोपऱ्यात उभी होती. फोटोही तिनंच आणला होता पदराखालून, आणि मी तिच्या हातातून घेतला, पण विचारलं तात्यांना.

रवि. २ मार्च

आज जायचं ठरवलं होतं. सकाळची साताऱ्याची गाडी. स्टँडवर गेलो, तसबीर धोतरात गुंडाळलेली. गाडी लागली. कंडक्टर म्हणाला, "चला काका, आरसा हाय का काय? मांडीवर धरा." मी म्हणालो, पुढच्या गाडीनं येतो.

पुढची गाडीही गेली.

परत आलो. हिनं दारात बघितलं आणि ताट वाढलं.

बुध. ५ मार्च

दि.रावांना खरं सांगितलं. त्यांच्या कारखान्यात, पुठ्ठा कापायच्या यंत्राशेजारी, ते बंद करून घेऊन.

बराच वेळ ते कापलेल्या कडा बोटानं चाचपत बसले. मग म्हणाले, "नाव तर टाकलं न्हाई ना आपण त्याचं?"

"नाही."

"मग कोण ओळखतंय? सातारा कुठं, सांगली कुठं."

"लेक इथं माधवनगरातच आहे. दोन गल्ल्या पलीकडं."

ते उठून उभे राहिले. "मग आजून तिनं कसं बघितलं न्हाई?"

"मलाही तेच वाटतं रोज."

"आण्णा, तुमी देवमाणूस हाय, म्हणून सांगतो. विचारू नका. विचारलं की न्हाई म्हणतील. न्हाई म्हटलं की मी काय करू? पंधरा बायका खोकी चिकटवाय लावल्यात. मी वाईट माणूस हाय का? तुमीच सांगा."

वाईट नाहीत ते. मी देवमाणूस नाही, एवढं मात्र सांगितलं.

"सोमवारी ब्लॉकला जायाचं हाय," ते म्हणाले. "तोवर काय ते करा. आन् ज्ञानू हमालाचं चित्र टाकून देऊ नका. असू द्या हाताशी."

एवढं म्हणाले, हेही त्यांचं मोठेपण.

शनि. ८ मार्च

उद्या जातो. हिनं भाकरी बांधून ठेवल्या आहेत. सोबत येऊ का म्हणाली. नको म्हटलं. ती बरोबर असली तर मला बोलणं सोपं जाईल.

क्रम ठरवला आहे. आधी खोकं पुढे ठेवायचं. मग रंग बसण्याचं खोटं सांगायचं. तसबीर सगळ्यात शेवटी. उलटं केलं तर ती लाच होईल.

रवि. ९ मार्च, संपतच्या गावी

वही पिशवीत होती. त्यांच्या सोप्यात बसून लिहितो आहे. दुपार टळली.

फलटणच्या रस्त्याला उसाच्या गाड्यांची रांग होती, गाडी रांगतच आली. फाट्यापासून चालत आलो. पोचलो तेव्हा हौसाबाई अंगणात हरभरा पाखडत होती. मला बघून सूप खाली ठेवलं. "आगं बया, भाऊ! एवढ्या उन्हाचं? रंग बघाय आलासा व्हय?"

पाणी दिलं. मी प्यालो नाही, आधी बसा म्हटलं.

क्रम पाळला. खोकं काढून तिच्यापुढे ठेवलं. म्हणालो, "हौसाबाई, हे मी केलंय. हा संपत आहे. तुम्ही तसबिरीसाठी दिलेल्या फोटोवरून मी ह्याचं तोंड घेतलं, न विचारता. दिवाळीपासून हे दुकानात विकतात."

तिनं खोकं उचललं नाही. वाकून बघितलं. मग पदरानं झाकण पुसलं, ते स्वच्छच होतं तरी. बोट नेमकं दातावर ठेवलं.

मी पुढचं सांगितलं. "रंग बसत नसतो. मी खोटं बोललो. ओठ मी मिटले म्हणून तुम्हाला तो संपत वाटत नव्हता. थांबून तो कधीच तसा दिसला नसता."

"कवाच?"

"कधीच नाही."

"मंग म्या रोज..." एवढंच म्हणाली. सूप पुढे ओढलं, पाखडायला घेतलं. चारपाच वेळा पाखडलं. सूप तसंच हातात धरून म्हणाली, "शेजारची पारू म्हणायची, हौसा, काय बघती गं भितीकडं? म्या तिला सांगायची, रंग बसतोय. समद्या गावाला सांगिटलं म्या. सांगलीच्या पेंटरानं सांगिटलंय म्हणून."

मी मान खाली घातली. ती शिव्या देईल असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

खोकं घेऊन ती आत गेली. मीही मागे गेलो, उंबऱ्यापर्यंत. भिंतीवर माझी तसबीर, तिला ताजा हार. तिनं झाकण तिच्या खाली धरलं. एकदा वर बघितलं, एकदा खाली.

"एका पोराची दोन तोंडं केलीसा, भाऊ. बापाला एक दिलंसा, बाजाराला एक. मला काय दिलंसा?"

तेव्हा मी तसबिरीवर गुंडाळलेलं धोतर सोडलं. शेवटी सोडणार होतोच, पण ह्या प्रश्नाचं उत्तर म्हणून सोडावं लागेल असं वाटलं नव्हतं. दुसरी तसबीर तिच्यापुढे धरली तर तिनं तोंडावर पदर घेतला. कितीतरी वेळ. मी तसाच धरून उभा. हात भरून आले, पण खाली ठेवायचा धीर झाला नाही.

पदर काढल्यावर पहिलं बोलली ते, "ह्यो शर्ट त्यानं फलटणच्या बाजारात घेतल्याला. म्या वरडली हुती, बहुरूप्यागत दिसतंय म्हणून."

मग ती तसबीर तिनं माझ्या हातातून घेतली. भिंतीला नाही लावली. दाणे ठेवायच्या कणगीवर टेकवली, दारातून येणाऱ्याला समोर दिसेल अशी.

मी विचारलं, "झाकणावर चेहरा राहू द्यायचा का नको? उद्या ब्लॉकला जायचं आहे. तुम्ही नको म्हणालात तर मी तो पुसून दुसरा देणार आहे. चित्र तयार आहे."

"मला आत्ता काय बी इचारू नगा." झाकणाकडे बघत, "कुटं कुटं जात्यात ही खोकी?"

"सांगली, मिरज, कऱ्हाड, कोल्हापूर. ह्या खेपेला मुंबईला जातील म्हणतात."

"ममईला," ती म्हणाली. "ममईला जायाचं लय हुतं त्याच्या मनात. ह्येंनी पाटवला न्हाई. फौजंत जा म्हणालं."

मग खोकं उघडून आतले पुठ्ठ्याचे बैल हातात घेऊन बघितले. "वेसण न्हाई ह्यास्नी," म्हणाली, आणि परत आत ठेवले. झाकण मात्र तिच्याजवळच आहे.

तात्या उसाला पाणी पाजायला गेले आहेत, पाळी त्यांची आहे, दिवस मावळताना येतील. हौसाबाईनं स्पष्ट सांगितलंय, "वट मिटाय त्येंनी सांगिटलं हुतं. त्येंना म्या सांगायची न्हाई. तुमीच सांगायचं. खोक्याचं बी, आन् ह्ये कणगीवरचं बी. मंग मी काय ते बोलंन."

"बसतो," म्हटलं.

परतीची गाडी केव्हाच गेली. तिनं चहा दिला, तो घेतला. आल्यापासून तहानलेला होतो हे चहा घेताना कळलं. मनावरचा भार उतरला असं काही नाही. उतरावा म्हणून आलो नव्हतो, असं म्हणावंसं वाटतं, पण ते पुरतं खरं नाही.

सूर्य उसाच्या तुऱ्यांना लागलाय.

तात्या आले. रांजणापाशी पाय धुताहेत. "कोण आलंय गं?" म्हणून विचारलं त्यांनी. ती माझ्याकडे बघते आहे.

उठतो.